वीस पौंडांवर कोणाचा चेहरा?

१९ मे २०१५ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी जाहीर केलं, की वीस पौंडांच्या नव्या नोटेवर एक दृश्यकलावंत असेल आणि त्यासाठी नावं लोकांनी सुचवायची. मुदत होती दोन महिने. तेवढ्यात २९,७०१ शिफारशी आल्या आणि त्यांतून नियमांत बसणारे ५९० कलावंत निघाले. दृश्यकलावंत म्हणजे फक्त चित्रकार असं बँकेने मानलं नव्हतं. शिल्पकार, छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, मातीची भांडी घडवणारे, कपड्यांचे आणि फर्निचरचे डिझायनर, सिनेमावाले, सगळ्यांना दार उघडं होतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. मी ब्रिटनची नागरिक नाही, माझ्या शिफारशीला तिथे काही किंमत नव्हती, तरीही मी कितीतरी वेळा मनातल्या मनात तो अर्ज भरला आहे. मी काही वर्षं प्रिंटमेकिंग शिकले आणि केलं. तेव्हापासून कुठलीही नोट हातात आली की ती मला आधी छापचित्र म्हणून दिसते, किंमत नंतर दिसते.

तांब्याची प्लेट ज्यांनी कोरली आहे त्यांना हे लगेच कळेल. ब्युरिनची, म्हणजे कोरायच्या हत्याराची, गोल मूठ तळहातात दाबून धरायची, टोक अगदी आडवं ठेवायचं आणि हाताने रेघ ओढण्याऐवजी दुसऱ्या हाताने प्लेटच फिरवत न्यायची. टोकापुढे तांब्याची केसासारखी बारीक वळी उठत जाते. मग शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने पुसायची, म्हणजे वरचा पत्रा लख्ख होतो आणि शाई फक्त कोरलेल्या खाचांत उरते. ओलसर कागद वर ठेवून प्लेट प्रेसमधून काढली की कागद त्या खाचांत दाबला जातो आणि शाई उचलून आणतो. वाळल्यावर त्या रेषेवरून बोट फिरवलं तर ती किंचित उठलेली लागते. शतकानुशतकं नोटांची छपाई याच तत्त्वावर चालत आली. खऱ्या नोटेवर काही भाग बोटांना खरखरीत लागतो तो यामुळेच. छायाचित्राची नक्कल सपाट येते, आणि डोळा फसला तरी बोट सहसा फसत नाही.

म्हणून नोटेवर कलावंत बसवायचा म्हटल्यावर मला वाटलं, आता चित्र चित्राच्या घरी येणार. सेनापती, पंतप्रधान, शास्त्रज्ञ हे नोटेवर पाहुणे असतात. कलावंत मात्र त्याच कुळातला.

लोकांना विचारायची वेळ बँकेवर का आली, यामागे एक भांडण आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर पहिली ऐतिहासिक व्यक्ती आली १९७० मध्ये, वीस पौंडांवर शेक्सपियर. त्यानंतर न्यूटन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, डिकन्स, फॅरेडे, डार्विन असे बरेच येऊन गेले. ५० पौंडांवर ख्रिस्तोफर रेन होता. सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणारा हा वास्तुरचनाकार. म्हणजे २०१५ च्या व्याख्येने एक दृश्यकलावंत आधीच होऊन गेला होता. २०१३ मध्ये बँकेने जाहीर केलं की पाच पौंडांवरच्या एलिझाबेथ फ्रायच्या जागी चर्चिल येणार. नुसतं तेवढंच झालं असतं तर राणी सोडून एकाही नोटेवर स्त्री उरली नसती. कॅरोलिन क्रियाडो-पेरेझ यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली, हजारो लोक पाठीशी राहिले, त्या बाईंना ट्विटरवर अक्षरशः जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पण त्या हटल्या नाहीत. दहा पौंडांवर जेन ऑस्टिन आली, आणि बँकेने नावं निवडण्याची पद्धतही बदलली. आधी क्षेत्र ठरवायचं, मग लोकांकडून नावं मागवायची, तज्ज्ञांच्या समितीने छाननी करायची आणि शेवटचा निर्णय गव्हर्नरांनी घ्यायचा. बंद दाराआड होणारी निवड थोडी तरी उघड्यावर आली, याचं श्रेय मी त्या मोहिमेलाच देते.

नियम मोजकेच. माणूस खरा असावा, काल्पनिक पात्र नको. हयात नको, राजा किंवा राणी तेवढी अपवाद. ब्रिटिश समाजाला त्याने काही दिलेलं असावं. त्याच्यावरून समाजात उभी फूट पडेल असा तो नसावा. आणि एक नियम मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो: त्याचा असा एखादा चेहरा उपलब्ध असावा की जो नोटेवर उतरवता येईल आणि ओळखू येईल.

नोटेवर चेहरा असण्याचं कारण मानापेक्षा जुनं आणि व्यवहाराचं आहे. माणसाची नजर चेहऱ्याच्या बाबतीत फार तीक्ष्ण असते. झाडाची फांदी कणभर सरकली तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण ओठांचा कोपरा कणभर चुकला तर माणूस वेगळाच दिसू लागतो. खोटी नोट पाहताना नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, तरी काहीतरी खटकतं. म्हणजे चेहरा हा नोटेचा पहारेकरीच. आता याच कसोटीवर पहा. कितीतरी थोर कलावंतांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगवले, पण त्यांचा स्वतःचा चेहरा कुणी रंगवला नाही. ज्यांचं नावच काळाच्या ओघात पुसलं गेलं, त्या मध्ययुगीन काच-चित्रकारांचं, भरतकाम करणाऱ्या बायकांचं तर बोलायलाच नको. नोट फक्त त्यांचाच सन्मान करू शकते ज्यांना स्वतःचा चेहरा मागे ठेवण्याची ऐपत होती किंवा संधी मिळाली. याबद्दल बँकेला दोष देता येत नाही, पण मला ते सलतं.

शेवटच्या यादीत पाच नावं उरली: शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, चार्ली चॅप्लिन, कुंभार आणि कारखानदार जोसाया वेजवुड, विल्यम होगार्थ आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर.

चॅप्लिनचं नाव वाचून चेहऱ्याचा तो नियम मला पुन्हा आठवला. जगात सर्वांत ओळखीचा चेहरा त्याचा, पण तो चेहरा म्हणजे रंगभूषा. चिकटवलेली मिशी आणि टोपी काढली की उरणारा देखणा, पिकल्या केसांचा गृहस्थ किती जणांनी ओळखला असता? मिशीसकट छापावा तर ते काल्पनिक पात्र झालं. वेजवुडबद्दल मला फार आदर आहे. १७८७ मध्ये त्याच्या कारखान्यात गुलामगिरीविरोधी पदक तयार झालं. त्यावर साखळदंडांत जखडलेला, गुडघ्यावर बसलेला माणूस विचारतो आहे, 'मी माणूस नाही का, मी बंधू नाही का?' लोकांनी ती पदकं दागिन्यांत जडवून घेतली. एखाद्या छोट्या चित्राने चळवळ घरोघर पोहोचवल्याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. हेपवर्थ निवडली गेली असती तर यादीतल्या एकुलत्या एका स्त्रीचा मान झाला असताच, शिवाय तिच्या शिल्पांतली ती गोल भोकं नव्या प्लास्टिकच्या नोटेच्या पारदर्शक खिडकीत किती सुंदर बसली असती! डिझायनरला याहून सरळ धागा मिळाला नसता.

पण माझा अर्ज होगार्थचा होता, आणि त्यामागची कारणं मी अजूनही तितक्याच ठामपणे मांडेन.

होगार्थ (१६९७–१७६४) लहानपणी चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला होता. म्हणजे धातूवर रेघ मारणं हा त्याचा पहिला धंदा, चित्रकला नंतरची. साउथ सी कंपनीच्या शेअरमागे सगळं लंडन वेडं झालं आणि बुडालं, तेव्हा विशीतल्या या पोराने त्यावर छापचित्र केलं: एका फिरत्या चक्रावर सगळ्या थरांतली माणसं बसली आहेत आणि खाली प्रामाणिकपणाचे हाल चालले आहेत. पुढे त्याने एका उधळ्या वारसदाराची आठ चित्रांची मालिका केली. बापाचा पैसा हाती येतो, शिंप्यापासून जुगारापर्यंत सगळीकडे उडतो, मग कर्जबाजाऱ्यांचा तुरुंग आणि शेवटी वेड्यांचं इस्पितळ. पैसा माणसाचं काय करतो हे त्याच्याइतकं जवळून आणि कळवळ्याने दाखवणारा ब्रिटिश चित्रकार मला दुसरा माहीत नाही.

त्याचं गिऱ्हाईकही वेगळं होतं. तैलचित्र एका श्रीमंताच्या भिंतीवर जातं. त्याच चित्राची प्लेट कोरली की त्याच्या शेकडो प्रती निघतात आणि त्या मध्यमवर्गीय माणूस विकत घेऊ शकतो. 'जिन लेन' हे १७५१ चं चित्र त्याने एका शिलिंगला विकलं. पण छापणं सोपं तशी चोरीही सोपी. त्याच्या चित्रांच्या नकला कोरून दुकानदार राजरोस विकत. होगार्थ आणि त्याच्या सोबतचे कलावंत संसदेकडे गेले, आणि १७३५ मध्ये कायदा झाला: आपण योजलेल्या छापचित्रावर कलावंताचा चौदा वर्षं हक्क. त्या उधळ्या वारसदाराची मालिका त्याने कायदा लागू होईपर्यंत मुद्दाम रोखून धरली होती. आजही त्या कायद्याला त्याच्या नावाने ओळखतात.

आता बँक ऑफ इंग्लंडची कुठलीही अलीकडची नोट घ्या. बारीक अक्षरांत कॉपीराइटची खूण आणि बँकेचं पूर्ण नाव आहे. एकाच मूळ प्रतीवरून काढलेल्या अगणित प्रती, सगळ्यांच्या हातात जाणाऱ्या, आणि त्यांची नक्कल करण्यावर बंदी. होगार्थचं सगळं आयुष्य या एका वाक्यात येतं. त्याचं आत्मचित्रही आहे, शेजारी त्याचा पग जातीचा कुत्रा ट्रम्प बसलेला. १७४५ चं ते चित्र लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आहे. तो कुत्रा नोटेवर आला असता तर लहान मुलांनी ती नोट आईच्या पाकिटातून मागून घेऊन पाहिली असती.

नक्कल आणि नोट यांच्या नात्यात एक काळाकुट्ट अध्याय आहे, तोही एका चित्रकारानेच उजेडात आणला. १७९७ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धापायी बँकेने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. तोवर नोट ही पैसेवाल्यांच्या व्यवहारातली वस्तू होती. ती आता मजूर, मोलकरणी, छोटे दुकानदार यांच्या हातात आली. ही नोट इतकी साधी छापलेली होती की कुणीही बऱ्यापैकी कोरणारा तिची नक्कल करू शके. आणि खोटी नोट करण्याला किंवा चालवण्याला शिक्षा होती फाशी. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशी माणसं खोटी नोट खपवल्याबद्दल फासावर गेली. व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशी दिलेल्यांत स्त्रियाही पाहिल्या आणि तिरीमिरीत एक नोट तयार केली. हे १८१९ च्या जानेवारीतलं. तिच्यावर ओळीने लटकणारी माणसं आहेत, पौंडाचं चिन्ह फासाच्या दोरीचं आहे, ब्रिटनचं प्रतीक असलेल्या ब्रिटानिया या स्त्रीच्या जागी आपलीच मुलं खाणारी बाई आहे, आणि खाली सही आहे त्या काळी जल्लादाचं दुसरं नाव बनलेल्या जे. केचची. तिचा प्रकाशक विल्यम होन याच्या दुकानाबाहेर ती घ्यायला झुंबड उडाली. मी या प्रिंटची प्रतिमा मोठी करून तासभर पाहत बसले आहे. त्या लटकणाऱ्या आकृतींच्या झग्यांच्या घड्यासुद्धा त्याने एकसारख्या केलेल्या नाहीत. प्रत्येक जण वेगळा माणूस आहे.

बँकेने गुन्हा अवघड करण्याऐवजी शिक्षा कडक ठेवली, हा त्याचा आरोप होता, आणि तो मला पूर्ण पटतो. त्याच सुमारास जेकब पर्किन्स नावाचा अमेरिकन संशोधक लंडनला आला. कडक केलेल्या पोलादी प्लेटवर इतकं बारीक काम करता येतं की नक्कल करणाऱ्याने हात टेकावेत, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासोबत उभा राहिला चार्ल्स हीथ, नावाजलेला एन्ग्रेव्हर, म्हणजे प्लेट कोरणारा. बँकेचं काम त्यांना मिळालं नाही. पण पोलादाची प्लेट लंडनमध्ये रुजली. तांब्याची प्लेट काही हजार छापांत थकते, रेषा पुसट होत जातात. पोलाद तसं थकत नाही. पुस्तकातली चित्रं एकदम स्वस्त झाली, मोठ्या संख्येने निघू लागली. पुढे १८४० मध्ये जगातलं पहिलं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, पर्किन्सच्याच कंपनीने छापलं आणि त्यावरचा राणीचा चेहरा हीथ बापलेकांनी कोरला.

आणि इथेच टर्नर येतो.

२२ एप्रिल २०१६ रोजी मार्गेटच्या टर्नर कंटेम्पररी या कलादालनात कार्नींनी त्याचं नाव जाहीर केलं. मी तेव्हा हिरमुसले. टर्नर थोर आहे यात शंका नाही. कॉव्हेंट गार्डनमधल्या एका न्हाव्याचा मुलगा, १७७५ चा जन्म, चौदाव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत, सव्विसाव्या वर्षी अकॅडमीचा पूर्ण सभासद. पण त्याची सगळी थोरवी रेष वितळवण्यात आहे. धुकं, वाफ, फेस, मावळतीचा उजेड यांत वस्तूंच्या कडा नाहीशा करणारा माणूस, आणि नोट म्हणजे तर नुसत्या रेषाच! माझ्या मते हे लग्न जुळणारं नव्हतं.

ते मत बदललं त्याच्या छापचित्रांमुळे. टर्नरने स्वतः प्लेटवर काम केलं आहे. १८०७ ते १८१९ या काळात निघालेल्या 'लिबर स्टुडिओरम' या मालिकेची ७१ चित्रं प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांची रेखाटनं त्याने स्वतः प्लेटवर केली आणि काही तर अथपासून इतिपर्यंत स्वतःच पूर्ण केली. इतर कामांसाठी तो एन्ग्रेव्हरांच्या अक्षरशः मागे लागे. चाचणीची छापं मागवून त्यांवर चाकूने खरवडून उजेड काढून दाखवायचा, पेन्सिलीने अंधार वाढवायचा, समासात सूचना लिहायचा. जॉन पाय या तरुण एन्ग्रेव्हरने त्याचं टेम्सकाठचं एक चित्र कोरलं, तेव्हा टर्नर म्हणाला की यात उजेड दिसतो आहे, असं करणारा माणूस आहे हे ठाऊक असतं तर आधीच करून घेतलं असतं. रंग अजिबात न वापरता, नुसत्या रेघांमधली अंतरं कमीजास्त करून सूर्यप्रकाश दाखवणं, हे त्याने त्या माणसांकडून करवून घेतलं. मी कोरलेल्या प्लेटमध्ये ढग कधीच ढगासारखा आला नाही, म्हणून त्या चित्रांतली आकाशं पाहताना मला भरून येतं.

त्याची इंग्लंड आणि वेल्समधल्या देखाव्यांची मोठी मालिका काढली कोणी? त्याच चार्ल्स हीथने. मालिका तोट्यात गेली, आणि उरलेल्या प्रती व प्लेटा अखेर टर्नरने स्वतःच विकत घेतल्या. १८३० मध्ये सॅम्युअल रॉजर्सच्या 'इटली' या काव्यासाठी टर्नरची छोटी छोटी चित्रं पोलादावर कोरली गेली. कुठली काडेपेटीएवढी, तर कुठली तळहाताएवढी. हे पुस्तक एका मुलाला तेराव्या वाढदिवशी भेट मिळालं आणि त्या चित्रांनी त्याचं आयुष्य ठरवून टाकलं. तो मुलगा जॉन रस्किन, पुढे नावाजलेला कलासमीक्षक आणि टर्नरचा सर्वांत मोठा कैवारी. म्हणजे खोट्या नोटांच्या भीतीतून लंडनात आलेली पोलादी प्लेट टर्नरचा उजेड घराघरांत घेऊन गेली. नोट आणि टर्नर यांचं नातं जुनंच निघालं. निवड समितीने याचा विचार केला होता की नाही, मला त्याने फरक पडत नाही. नातं खरं आहे एवढं मला पुरेसं आहे.

नोट चलनात आली २० फेब्रुवारी २०२० रोजी, ॲडम स्मिथच्या जागी. ती प्लास्टिकची, म्हणजे पॉलिमरची आहे. हातात आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ती डोळे मिटून चाचपली. पुढच्या बाजूला 'बँक ऑफ इंग्लंड' ही अक्षरं उठावदार लागतात. वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचे तीन पुंजके आहेत, ज्यांना दिसत नाही त्यांना वीसची नोट ओळखता यावी म्हणून. मग उलटी केली. टर्नरवरून बोट सपाट सरकलं. उठाव पुढच्या बाजूलाच आहे. क्षणभर वाईट वाटलं.

मग डोळे उघडून नीट पाहिलं. हा चेहरा साधारण १७९९ मधल्या आत्मचित्रातला, चोवीसेक वर्षांचा टर्नर. अगदी समोर पाहतोय, नजर न चुकवता, गळ्याशी पांढरा रुमाल. मूळ चित्रात अंधारातून तो रुमाल आणि कपाळ उजळत येतं. त्याच्यामागे 'फायटिंग टेमेरेअर' आहे. १८०५ च्या ट्रफॅल्गरच्या लढाईत लढलेलं ९८ तोफांचं जहाज १८३८ मध्ये मोडीत काढायला रॉदरहाइथला ओढून नेलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी टर्नरने हे चित्र अकॅडमीत मांडलं. एक फिकट, भुतासारखं उंच जहाज आणि त्याला ओढणारी काळी, बुटकी, धूर ओकणारी बोट. प्रत्यक्षात जहाजाच्या डोलकाठ्या तेव्हा काढून टाकलेल्या होत्या. टर्नरने त्या पुन्हा उभ्या केल्या, कारण म्हाताऱ्याला असं बोडकं निरोप देणं त्याला पटलं नसावं. हे चित्र त्याने जन्मभर विकलं नाही. जवळच त्याच्या १८१८ च्या एका व्याख्यानातलं वाक्य आहे: म्हणून प्रकाश हाच रंग. मोठ्या पारदर्शक खिडकीवर मार्गेटचं दीपगृह आणि टर्नर कंटेम्पररी, पुढून सोनेरी-निळं, मागून चंदेरी. ही खिडकी उजेडासमोर धरली की उजेड आरपार येतो. ज्याने कडा वितळवल्या त्याच्या नोटेत आरपार उजेड जायला जागा ठेवली, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना माझा नमस्कार.

फूट पाडणारा नको, हा नियम टर्नरच्या बाबतीत वाटतो तितका सरळ नाही. १८०५ मध्ये त्याने जमैकातल्या एका अशा व्यवसायात पैसे गुंतवले होते जो गुलामांच्या श्रमांवर चालायचा. आणि १८४० मध्ये याच माणसाने रंगवलं ते चित्र, ज्यात वादळाच्या तोंडावर आलेल्या जहाजावरून मेलेल्या आणि मरणाऱ्या गुलामांना समुद्रात फेकलं जातंय, पाण्यातून साखळ्या बांधलेला पाय वर आला आहे. ते आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. दोन्ही गोष्टी त्याच्याच. नोटेवर बसवलेल्या माणसाबद्दल दोन्ही सांगाव्यात. लपवाछपवीने चेहरा स्वच्छ होत नाही.

नोटेवरची त्याची सही मात्र मला सगळ्यांत जास्त हलवते, कारण ती त्याच्या मृत्युपत्रावरून घेतली आहे. १८५१ मध्ये टर्नर गेला तेव्हा त्याच्या मागे सुमारे १,४०,००० पौंड होते. न्हाव्याच्या मुलाने ब्रशने कमावलेले. चित्रं देशाला द्यायची आणि पैशातून वृद्ध, हलाखीतल्या चित्रकारांसाठी ट्विकनहॅमला घरं बांधायची, अशी त्याची इच्छा होती. नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं. खटला वर्षानुवर्षं चालला, १८५६ मध्ये तडजोड झाली. चित्रं देशाला मिळाली, तैलचित्रं आणि हजारो रेखाटनं. टेट ब्रिटनमधला टर्नरचा बहुतेक खजिना त्यातूनच आला. पैसा मुख्यतः नातेवाइकांकडे गेला. ती घरं कधी उभी राहिली नाहीत. ज्या सहीने त्याने आपला पैसा गरीब कलावंतांना देऊ केला, ती आता कोट्यवधी नोटांवर आहे. टर्नरच्या नोटेच्या छपाईतून किंवा तिच्या निमित्ताने एखादा कायमचा निधी अडलेल्या कलावंतांसाठी उभा राहिला असता, तर तो खरा सन्मान ठरला असता असं मला मनापासून वाटतं.

ही निवड ज्या काळात झाली त्याचंही मोल आहे. २००२ मध्ये युरो हातात आला आणि फ्रान्सच्या शंभर फ्रँकवरचा सेझान, इटलीच्या एक लाख लिऱ्यांवरचा काराव्हाज्जो, बेल्जियमच्या नोटांवरचे एन्सोर, पर्मेके आणि मॅग्रित, जर्मनीच्या पाचशे मार्कांवरची मारिया सिबिला मेरियन हे सगळे काही आठवड्यांत चलनातून गेले. त्यांच्या जागी आले कुठेच नसलेले पूल आणि कमानी, कुठल्याच देशाला वाईट वाटू नये म्हणून. स्कॉटलंडमध्ये क्लाइड्सडेल बँकेने शंभर पौंडांवर वास्तुरचनाकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश आणला होता, पण शंभराची नोट किती जणांच्या हाती पडते! वीसची नोट रोजची. म्हणून टर्नर तिथे असणं मला महत्त्वाचं वाटतं.

टर्नरच्या काळच्या छापचित्रांत एक रीत होती. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव असे आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, दोन्ही सारख्याच अक्षरांत. ज्यांनी टर्नरचा चेहरा आणि ते जहाज नोटेच्या बारीक रेषांत उतरवलं, त्यांची नावं नोट वापरणाऱ्याला कळत नाहीत.

त्यामुळे बँक पुन्हा कधी दृश्यकलावंत निवडायला बसली तर माझ्याकडे नाव तयार आहे, आणि ते आता होगार्थचंही नाही. न्यूकॅसलजवळचा थॉमस बेविक, १७५३ ते १८२८. लाकडाच्या आडव्या कापावर धातूच्या हत्यारांनी कोरायची पद्धत त्याने अशी वाढवली की पिसाचा मऊपणा छापून येऊ लागला. ब्रिटनमधल्या पक्ष्यांचं त्याचं पुस्तक दोन भागांत, १७९७ आणि १८०४ मध्ये निघालं. त्यातल्या घुबडाचा पोत पाहिला की हात आपोआप पानाकडे जातो. प्रकरणांच्या शेवटी उरलेल्या जागेत त्याने इवली इवली चित्रं भरली: पावसात भिजणारा वाटसरू, नदी ओलांडणारा आंधळा आणि त्याचा कुत्रा, बर्फात उभी मेंढी. त्याचं व्यक्तिचित्र उपलब्ध आहे, म्हणजे चेहऱ्याचा नियम सुटला. जिवंत असण्याचा प्रश्न नाही. फूट पडण्याजोगंही काही नाही. आणि समितीला आणखी एक कारण हवं असेल तर तेही आहे: उत्तरेकडच्या स्थानिक बँकांसाठी बेविकने नोटा कोरल्या होत्या, आणि त्यांची नक्कल कशी रोखावी याच्या खटपटीतही तो बराच काळ होता.